फुकट निरोपाची पाच वर्षे

२००९ साली धानोरा तालुक्याची बातमी देशभर तीनदा गेली. १ फेब्रुवारीला मरकेगावच्या जंगलात माओवाद्यांनी दबा धरून १५ पोलिसांना ठार केले. २१ मे रोजी मुरूमगावजवळ हत्तीगोट्याला आणखी १६ पोलीस मारले गेले. त्यांत पाच महिला होत्या. त्याच वर्षी तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मंजूर झाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते.

धानोऱ्यातून बाहेर गेलेले हे निरोप वार्ताहर, वाहिन्या आणि वर्तमानपत्रे यांनी वाहिले. बाहेरून आत येणाऱ्या निरोपाची वाट मात्र अवघड होती. गडचिरोलीहून पूर्वेला सुमारे ३५ किलोमीटरवर धानोरा. तिथून छत्तीसगडच्या सीमेकडे जाताना फोनवरचा टावर एकेक काडीने उतरत जाई आणि आतल्या कित्येक गावांत तो उरतच नसे.

गंमत अशी की, एका माणसाने लिहावे आणि हजारोंनी ते फुकट वाचावे, ही सोय भारतात सर्वाधिक जोरात होती ती याच सुमाराच्या वर्षांत. मुंबईत वाढलेली ‘एसएमएस गपशप’ ही सेवा साध्या फोनवरून एक मेसेज हजारो फोनवर पोहोचवत होती. तिकडे अमेरिकेत ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात सुरू झालेली ‘पिंग डॉट एफएम’ एकदा लिहिलेला मजकूर एकाच वेळी ट्विटर, फेसबुक, मायस्पेस, लिंक्डइन अशा डझनभर ठिकाणी टाकत होती. दोघींचे वचन सारखेच: तुम्ही एकदा बोला, पोहोचवायचे आमच्याकडे लागले. २०१२ सरेपर्यंत पिंग डॉट एफएम बंद झाली होती आणि गपशपने सामान्य वापरणाऱ्यांकडे पाठ फिरवली होती. पाच वर्षांत एवढी लोकप्रिय सोय का उगवली आणि का मावळली, याचे उत्तर तंत्रज्ञानात थोडे आणि हिशेबात जास्त सापडते.

फोन भरपूर, इंटरनेट नाही

‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाच्या आकडेवारीनुसार मार्च २००७मध्ये देशात साडेसोळा कोटींच्या आसपास मोबाईल जोडण्या होत्या. ब्रॉडबँडच्या जोडण्या मात्र २५ लाखही नव्हत्या. चार वर्षांनी, मार्च २०११मध्ये, मोबाईल जोडण्यांचा आकडा ८१ कोटींच्या पुढे गेला. एवढ्या झपाट्याने लोकांच्या हाती आलेले यंत्र म्हणजे बहुतेक वेळा काळ्या-पांढऱ्या किंवा लहान रंगीत पडद्याचा, आकड्यांच्या बटणांचा फोन. त्यावर दोनच गोष्टी खात्रीने होत: बोलणे आणि एसएमएस.

एसएमएसचा जन्म ३ डिसेंबर १९९२चा. त्या दिवशी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या अभियंत्याने व्होडाफोनच्या जाळ्यावरून नाताळच्या शुभेच्छांचा पहिला मेसेज पाठवला. फोन आणि टॉवर यांच्यात कॉल जुळवण्यासाठी खुणांची जी देवाणघेवाण चालते, तिच्याच वाटेने हा मजकूर जातो. त्यामुळे त्याला जागा अगदी थोडी, १४० बाइट. इंग्रजी अक्षरे घट्ट बसवली तर त्यात १६० मावतात. देवनागरीला मात्र युनिकोडची मोठी मापे लागतात आणि मर्यादा ७०वर येते. त्यातही काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी वेगळी मोजली जाते. ‘धानोरा’ हे तीन अक्षरी नाव मेसेजमधली सहा घरे खाते. शिवाय त्या काळच्या अनेक फोनना देवनागरी दिसतच नसे, मजकुराच्या जागी चौकोन उमटत. म्हणून मराठी माणसाने मराठी रोमन लिपीत लिहायला सुरुवात केली आणि ती सवय पुढे स्मार्टफोन आल्यावरही टिकली.

एसएमएस एकाकडून एकाला जातो. शंभर जणांना कळवायचे तर शंभर मेसेज पाठवायचे आणि शंभरांचे पैसे मोजायचे. कंपन्यांनी स्वस्त एसएमएस पॅक काढले, पण दिवाळी, नववर्ष अशा दिवशी ते पॅक लागू नसत. लोकांना नेमके ज्या दिवशी शेकडो शुभेच्छा पाठवायच्या असत, त्याच दिवशी पूर्ण दर आकारला जाई. एकाने बोलावे आणि अनेकांनी ऐकावे ही गरज लोकांत होती, फोन सगळ्यांच्या खिशात होता, आणि मधे अडसर होता तो फक्त दर मेसेजमागच्या पैशांचा. तो अडसर जो दूर करील त्याच्याकडे कोट्यवधी लोक येणार, हे मुंबई-हैदराबादच्या उद्योजकांनी ओळखले.

गपशपची युक्ती

राजेश जैन यांची मुंबईतली ‘नेटकोअर’ ही यातली एक आरंभीची कंपनी. जैन यांनी १९९९मध्ये आपले ‘इंडियावर्ल्ड’ हे संकेतस्थळांचे जाळे सत्यम इन्फोवेला ४९९ कोटी रुपयांना विकले होते आणि त्या व्यवहाराची देशभर चर्चा झाली होती. नेटकोअरच्या ‘मायटुडे’ सेवेत बातम्या, क्रिकेट, राशिभविष्य असे विषय निवडायचे आणि ते रोज फोनवर फुकट मिळवायचे. हैदराबादच्या ‘वे टू एसएमएस’ने नेट कॅफेतल्या किंवा कॉलेजच्या लॅबमधल्या संगणकावरून देशातल्या कोणत्याही फोनवर फुकट मेसेज पाठवण्याची सोय दिली. दोन्हीकडे मेसेजच्या शेपटीला जाहिरात जोडलेली असे आणि खर्च त्या जाहिरातीतून निघावा अशी अपेक्षा होती.

‘एसएमएस गपशप’ने यापुढची उडी मारली. ती काढणारी कंपनी ‘वेबारू’. तिचे संस्थापक राकेश माथुर आणि बिरुद शेठ, दोघेही पवईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी. माथुर यांची ‘जंगली’ ही कंपनी १९९८मध्ये अ‍ॅमेझॉनने विकत घेतली होती. शेठ यांनी घरबसल्या कामे मिळवून देणारी ‘ईलान्स’ उभी केली होती. तीच पुढे विलीनीकरणातून ‘अपवर्क’ झाली. वेबारूची २००६मधली मूळ कल्पना वेगळीच होती. निवडक संकेतस्थळे लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यायची, म्हणजे इंटरनेट नसतानाही ती शोधता आणि वाचता येतील. ती कल्पना फारशी चालली नाही. २००७मध्ये कंपनीने रोख बदलला. इंटरनेट माणसापर्यंत पोहोचत नसेल, तर त्याच्या फोनवर जे आधीच पोहोचते त्याचाच वापर करावा, असा नवा विचार होता.

गपशपची रचना सोपी होती. कोणीही एक ग्रुप काढायचा आणि त्याला नाव द्यायचे. ज्याला त्यात यायचे त्याने ठरलेल्या नंबरवर ‘जॉइन’ लिहून ग्रुपचे नाव पाठवायचे. ग्रुप चालवणारा एकच मेसेज गपशपला धाडी. तिथला सर्व्हर तो सगळ्या सदस्यांना वाटून देई. सदस्याला एक पैसा पडत नसे. फोनमध्ये काही टाकून घ्यावे लागत नसे, डेटा पॅक लागत नसे, स्मार्टफोन तर नाहीच. त्यामुळे ही सेवा तालुक्याच्या गावांत, कॉलेजच्या पोरांत, नोकरीच्या जाहिराती शोधणाऱ्यांत सहज रुजली. विनोद, शायरी, सुविचार, क्रिकेटचे स्कोअर, शेअर बाजाराच्या टिपा, भरतीच्या सूचना असे नाना प्रकारचे ग्रुप निघाले. ज्याला लिहिण्याची हौस आहे पण छापणारा कोणी नाही, अशा माणसाला पहिल्यांदाच नेमाने वाचणारे लोक मिळाले.

परदेशी पत्रकार गपशपला ‘भारताचे ट्विटर’ म्हणू लागले. ट्विटरचा आरंभही २००६मध्ये एसएमएसवरच झाला होता. त्याची प्रसिद्ध १४० अक्षरांची मर्यादा एसएमएसच्या १६०तून वापरकर्त्याच्या नावासाठी २० जागा राखून आलेली. पण ट्विटरला एसएमएसचा खर्च झेपला नाही. ऑगस्ट २००८मध्ये त्याने इंग्लंडच्या नंबरवरून बाहेर जाणारे मेसेज बंद केले आणि कारणही उघड सांगितले: बिल परवडत नाही. भारतात ट्विटरने ऑक्टोबर २००९मध्ये एअरटेलशी करार करून एसएमएसची वाट उघडली, म्हणजे फोन कंपनीलाच भागीदार करून घेतले. गुगलनेही भारतासाठी ‘एसएमएस चॅनल्स’ नावाची तशीच सेवा काढली आणि पुढे तीही गुंडाळली.

याच काळात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांपुढे उलटा नमुना आला. ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ने २००७मध्ये बाजारभाव, हवामान आणि पिकांचा सल्ला मराठीत एसएमएसने द्यायला सुरुवात केली. ती सेवा वर्गणीची होती. फुकट आणि विकत हे दोन रस्ते तेव्हा एकाच राज्यात शेजारी शेजारी चालू होते. लोक अर्थातच फुकटाकडे अधिक वळले.

पाच ठिकाणी तेच लिहिण्याचा कंटाळा

ज्यांच्याकडे इंटरनेट होते, त्यांची अडचण वेगळी होती. २००८च्या सुमारास पुण्या-मुंबईतला संगणकावर काम करणारा तरुण ऑर्कुटवर असे. फेसबुकवर नुकताच आलेला, ट्विटरवर डोकावणारा आणि नोकरीसाठी लिंक्डइनवर नाव नोंदवलेला. अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मित्रांचे घोळके आणखी दुसरीकडे. ‘नोकरी बदलली’ एवढे कळवायचे तरी चार खिडक्या उघडून चार वेळा लिहावे लागे. कोणते जाळे टिकेल आणि कोणते बुडेल हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते, म्हणून लोक सगळीकडे एकेक पाय ठेवून होते.

पिंग डॉट एफएम २००८मध्ये या कंटाळ्यावर उतारा म्हणून आली. एकदा आपली सगळी खाती तिच्याशी जोडून द्यायची आणि मग एकाच चौकटीत लिहायचे. ईमेलने, चॅटमधून किंवा एसएमएसने मजकूर धाडला तरी चाले. पिंग तो सगळीकडे चिकटवी. ‘हेलोटेक्स्ट’सारख्या तिच्या जोडीदारणीही होत्या. ‘फ्रेंडफीड’ने उलट काम धरले होते: वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेले एका जागी गोळा करायचे. जानेवारी २०१०मध्ये पिंग डॉट एफएम ही फ्रेंच उद्योजक लोइक ल मूर यांच्या ‘सीस्मिक’ने विकत घेतली. पिंगसाठी हा सर्वांत भराचा काळ होता.

गपशप आणि पिंग यांचा पाया एकाच बाबतीत कच्चा होता. दोघींजवळ स्वतःचा रस्ता नव्हता. गपशपचा प्रत्येक मेसेज एअरटेल, बीएसएनएल, व्होडाफोन यांच्या टॉवरवरून जाई आणि त्याचा दर त्या कंपन्या ठरवत. पिंगचा प्रत्येक मजकूर फेसबुक आणि ट्विटर यांनी बाहेरच्यांसाठी उघड्या ठेवलेल्या दारातून आत शिरे. ते दार किती उघडे ठेवायचे आणि कधी लावायचे, हे घरमालकाच्या हाती. पाहुण्यांची गर्दी हवी असते तोवर मालक कडी घालत नाही. गर्दी पुरेशी झाली की घालतो.

बिल, बंदी आणि बदल

गपशपला पहिला धक्का बिलाचा बसला. सदस्य वाढले की जाहिरात वाढेल असा हिशेब होता. सदस्य वाढले कोट्यवधींनी, पण प्रत्येक नव्या सदस्यामागे फोन कंपन्यांना द्यायचे पैसेही वाढत गेले. जाहिरातीचे उत्पन्न त्या वेगाने धावले नाही. संस्थापक बिरुद शेठ यांनी पुढे मुलाखतींतून हे गणित मोकळेपणाने मांडले आहे: लोकांना फुकट देण्यासाठी कंपनी दर मेसेजचे पैसे मोजत होती आणि ते फार काळ चालणे शक्य नव्हते. दुकान जितके चालेल तितका तोटा, अशी ती उलटी स्थिती होती.

दुसरा धक्का सरकारकडून आला. त्या वर्षांत सामान्य माणूस नको त्या मेसेजांनी हैराण झाला होता. जमिनीचे प्लॉट, कर्ज, क्लास, गुडघेदुखीचे तेल यांच्या जाहिराती रात्री-अपरात्री येत. त्यातच सप्टेंबर २०१०मध्ये अयोध्येच्या निकालाआधी अफवांच्या भीतीने केंद्र सरकारने देशभर घाऊक एसएमएसवर तात्पुरती बंदी घातली. एका निरोपाने अनेकांपर्यंत पोहोचणे यात सत्तेला धोका दिसू लागल्याची ही ठळक खूण होती. १ डिसेंबर २०१० रोजी ‘ट्राय’ने व्यावसायिक मेसेजसाठी कडक नियमावली काढली. अनेकदा पुढे ढकलली जाऊन ती २७ सप्टेंबर २०११ रोजी लागू झाली. एका सिमकार्डावरून दिवसाला शंभरच मेसेज, अशी मर्यादा आली. ओरड झाल्यावर ती नोव्हेंबरमध्ये दोनशेवर नेली. नोंदणी, वेळेचे बंधन आणि व्यावसायिक मेसेजवर ५ पैशांचा आकार हेही त्यापाठोपाठ आले.

या नियमांतून काहींना सूट होती. तिकिटे विकणाऱ्या कंपन्यांबरोबर त्या यादीत फेसबुक, ट्विटर, ऑर्कुट, लिंक्डइन आणि गुगल प्लस अशी नावे होती. म्हणजे त्रास देणाऱ्यांना आवरण्यासाठी काढलेल्या नियमाने परदेशी बड्या नावांना वाट मोकळी ठेवली, आणि एसएमएसवर जगणाऱ्या इथल्या सेवांपुढे खर्च व कागदपत्रे वाढवून ठेवली. नियम वाईट हेतूने झाला असे म्हणण्याचे कारण नाही. लोकांचा वैताग खरा होता. पण त्याचा भार कोणावर पडला हे नोंदवायला हवे. जुलै २०१२मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने व्यक्तिगत मेसेजवरची दोनशेची मर्यादा रद्द केली. पुढच्याच महिन्यात, ईशान्येकडचे लोक अफवांमुळे बंगळूर-पुण्यातून गावी पळू लागले तेव्हा, सरकारने काही दिवस एकावेळी पाचच जणांना मेसेज पाठवण्याची मुभा ठेवली.

तोवर तिसरा बदल दारात उभा होता. २००९मध्ये अमेरिकेत जान कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी व्हॉट्सअ‍ॅप काढले. २०१०च्या लिलावानंतर खासगी कंपन्यांचे थ्रीजी भारतात आले आणि स्वस्त स्मार्टफोनही मागोमाग आले. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज डेटावरून जाई, म्हणून दर मेसेजला पैसे लागत नसत. डेटाचे पैसे वाचणारा स्वतः भरी. जो खर्च गपशप आपल्या खिशातून करत होती, तो व्हॉट्सअ‍ॅपने वापरणाऱ्याच्या रिचार्जमध्ये घातला आणि त्याला तो जाणवलाही नाही. ग्रुपमध्ये उलट बोलता येऊ लागले, फोटो जाऊ लागले, अक्षरांची मोजदाद संपली. एसएमएसच्या ग्रुपला आता करण्यासारखे काही उरले नाही.

गपशपने शहाणपणाने वाट बदलली. सामान्य माणसाचे ग्रुप मागे पडले आणि बँका, दुकाने, विमान कंपन्या यांचे मेसेज पैसे घेऊन पाठवणे हाच धंदा झाला. नेटकोअरही त्याच दिशेने गेली.

पिंगचा शेवट याच सुमारास झाला. जून २०१२मध्ये ट्विटरने लिंक्डइनवर आपोआप जाणारे मजकूर थांबवले. ऑगस्टमध्ये त्याने बाहेरच्या सॉफ्टवेअरवर कडक अटी लादल्या. नव्या सेवेला एक लाख वापरकर्ते झाले की पुढे परवानगी घ्यावी लागेल, ही त्यांतली एक. सीस्मिकने त्या वर्षी पिंग डॉट एफएम बंद करून आपल्या नावाची नवी सेवा आणली, आणि सप्टेंबरमध्ये सीस्मिकच ‘हूटसूट’ या अशाच सेवेने विकत घेतली. फ्रेंडफीड फेसबुकने २००९मध्येच घेतली होती. ती २०१५मध्ये बंद झाली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले.

धानोऱ्याला टावर येतो

या सगळ्या काळात धानोऱ्याच्या पूर्वेकडची गावे खेळाच्या बाहेरच होती. माओवादी भागांत टॉवर जाळण्या-उडवण्याच्या घटना होत असल्याने कंपन्या जंगलात जायला तयार नव्हत्या आणि विरळ वस्तीत त्यांना नफाही नव्हता. ऑगस्ट २०१४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने माओवादग्रस्त भागांसाठी बीएसएनएलचे टॉवर उभारायला मंजुरी दिली. एकूण २,३४३ ठिकाणी ते उभे राहिले. राखण व्हावी म्हणून बरेचसे पोलीस ठाण्यांच्या आणि छावण्यांच्या आसऱ्याने उभारले गेले. ते टूजीचे होते: बोलणे आणि एसएमएस. देशाने एसएमएस सोडल्यावर या भागाला तो मिळाला. हे टॉवर फोरजी करण्याचा निर्णय एप्रिल २०२२मध्ये झाला. मधल्या काळात, सप्टेंबर २०१६मध्ये, जिओने शहरांत आणि रस्त्यालगतच्या गावांत डेटा जवळजवळ फुकट केला होता.

सीमेपलीकडे छत्तीसगडात मात्र एक वेगळा प्रयोग २०१०पासून चालू होता. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘सीजीनेट स्वर’मध्ये गावकरी एका नंबरवर मिस्ड कॉल देई, सर्व्हर उलट फोन करी आणि तो गोंडीत किंवा हिंदीत आपले म्हणणे ध्वनिमुद्रित करी. संपादक ते ऐकून, तपासून सगळ्यांसाठी खुले करत. रेशन आले नाही, रोजगार हमीची मजुरी थकली, शिक्षक येत नाही, अशा तक्रारी त्यातून अधिकाऱ्यांच्या कानी गेल्या आणि काही सुटल्याही. ज्यांची भाषा फोनच्या बटणांवर नव्हती आणि ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांच्यासाठी हे एसएमएसपेक्षा जवळचे होते. पण इथेही उलट कॉलचे पैसे सर्व्हरच भरी आणि ते देणग्या व अनुदानांतून येत. बोलणारा फुकट बोलला, तरी त्याच्या बोलण्याचे बिल कुठेतरी फाटतच होते.

इकडे धानोरा तालुक्यातल्या मेंढ्याने निरोप आणि निर्णय यांत फरक केला होता. तिथे ग्रामसभेचा निर्णय सर्वसहमतीने होतो आणि त्याआधी अभ्यास गटात विषय उलटसुलट चर्चिला जातो. ग्रामसभेचा निरोप दवंडीने दिला काय किंवा फोनने दिला काय, माणसे एकत्र बसल्याशिवाय काम होत नाही. तिथे वेगाने पसरणारा मेसेज मदतीला येतो, निर्णयाची जागा घेत नाही.

मागे काय राहिले

गपशपच्या ग्रुपमध्ये मेसेजला एक धनी होता. ग्रुपचे नाव दिसे, चालवणारा कोण ते कंपनीला ठाऊक असे आणि तक्रार झाली तर ग्रुप बंद करता येई. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड झालेला मजकूर बेवारस झाला. एप्रिल २०१६पासून मेसेज कुलूपबंद झाल्यावर तो कंपनीलाही वाचता येईना. खासगी बोलणे सुरक्षित झाले हा मोठाच लाभ होता, पण अफवेचा माग हरवला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने फॉरवर्डवर खूण आणली आणि भारतात एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. सहा वर्षांपूर्वी सरकारने काही दिवसांसाठी लावलेला पाचचा आकडा आता एका खासगी कंपनीने कायमचा लावला.

सगळीकडे एकदम लिहिण्याची दारेही एकेक करून लागली. ऑगस्ट २०१८मध्ये फेसबुकने बाहेरच्या सेवांना लोकांच्या व्यक्तिगत खात्यावर मजकूर टाकण्यास मनाई केली. एप्रिल २०२०मध्ये ट्विटरने बहुतेक देशांत एसएमएस सेवा थांबवली. ज्या वाटेवर ते जन्मले ती वाट बंद झाली. फेब्रुवारी २०२३मध्ये त्याने बाहेरच्या सॉफ्टवेअरला फुकट प्रवेश बंद करत असल्याचे जाहीर केले, आणि मार्चअखेर हूटसूटने आपली फुकट योजना संपवली. आज इन्स्टाग्रामवर टाकलेला मजकूर फेसबुकवरही जातो, कारण दोन्ही घरांचा मालक एकच आहे.

या पडझडीत कोण टिकले ते पाहिले म्हणजे इतिहासाचा कल कळतो. एप्रिल २०२१मध्ये टायगर ग्लोबलने १० कोटी डॉलर गुंतवले तेव्हा गपशपचे मोल १४० कोटी डॉलर ठरले. हूटसूट कंपन्यांना सेवा विकून उभी आहे. एकाने अनेकांना सांगण्याचे तंत्र मेले नाही; ते बँका, ब्रँड, पक्ष आणि सरकारी खाती यांच्या हाती गेले. एसएमएस आता बहुतांशी ओटीपीचे वाहन आहे. ८ मार्च २०२१ रोजी मेसेजांच्या नव्या नोंदणी पद्धतीची अंमलबजावणी सुरू झाली आणि देशभर ओटीपी अडकले, तेव्हा ती आठवड्यासाठी स्थगित करावी लागली. सरकारी नियमाचा एक खिळा सरकला की केवढा पसारा थांबतो, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले. हौशीने सुविचार धाडणारा, भरतीच्या बातम्या पुरवणारा तालुक्याचा पोरगा मात्र आता एका कंपनीच्या ॲपवर, तिने घातलेल्या मर्यादेत लिहितो.

म्हणून या पाच वर्षांकडे जुन्या फोनची गंमत म्हणून पाहणे पुरेसे नाही. गपशप आणि पिंग यांनी दाखवून दिले की पोहोचवणे कधीच फुकट नसते; वाचणारा भरत नसेल तर मधला भरतो, आणि मधल्याचे पैसे संपले की सोय संपते. आज धानोऱ्यात ग्रामसभेची सूचना, तेंदूपत्त्याच्या लिलावाची तारीख, रेशनची गाडी यांचे निरोप फोनवर यायला लागले आहेत आणि ते यावेत. पण जी सभा आपल्या जंगलाचा हिशेब स्वतः ठेवायला शिकली, तिने निरोपाच्या वाटेचा हिशेबही मांडावा: ही वाट कोणाची, तिचे पैसे कोण भरते, आणि मालकाने उद्या कडी घातली तर आपली दुसरी वाट कोणती. गावातला फलक आणि दवंडी मोडीत न काढण्याचे कारण जुनेपणाचा जिव्हाळा नाही. त्या दोन वाटा अजून गावाच्या मालकीच्या आहेत.